श्रावणातील वाट : पैनगंगाकाठ ते उनकेश्वर

ज्या गावाला देऊळ असते, त्या गावाला यात्रेची एखादी वाटही असते. देवळाचे दगड जागच्या जागी राहतात, कळस नवा होतो, गाभाऱ्याला रंग लागतो. परंतु वाटेची नोंद कोणी ठेवत नाही. पाऊल पडेनासे झाले की दोन पावसाळ्यांत वाटेवर तरवड आणि घाणेरी माजते व पुढच्या पिढीला तेथे वाट होती हेही ठाऊक राहत नाही. म्हणून जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी, यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील लोक श्रावणाच्या पावसात ज्या वाटेने जंगल तुडवीत ऊन पाण्याच्या कुंडावर जात, त्या वाटेचा इतिहास या पानांत नमूद केला आहे.

उनकेश्वराचे स्थान

पैनगंगा नदी बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन वर्धा नदीस मिळते. वाटेत ती यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा आखून देते. नदीच्या उत्तरेस उमरखेड, महागाव, आर्णी, घाटंजी, केळापूर हा मुलूख. दक्षिणेस नांदेड जिल्ह्यातील माहूर व किनवट हे तालुके. माहूरगड रेणुकामातेमुळे व दत्तशिखरामुळे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्याच मुलुखात, किनवट तालुक्यात, उनकेश्वर हे महादेवाचे जुने क्षेत्र असून तेथे जमिनीतून बारमाही ऊन पाणी येते.

असे पाणी या भागात एकट्या उनकेश्वरीच आहे असे नाही. यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यात कापेश्वर येथे व वणी तालुक्यात कायर येथेही ऊन पाण्याचे झरे आहेत. परंतु जंगलातील लांबची वाट, नदी ओलांडण्याचे संकट आणि रोग बरा होण्याची आशा या तिन्ही गोष्टी उनकेश्वराच्या वाट्याला अधिक आल्या. म्हणून त्या यात्रेची आठवण लोकांच्या मनात अधिक खोल रुजली.

नावाचा अर्थ सोपा आहे. आपण ऊन ऊन भात म्हणतो, न्हाणीघरात ऊन पाणी काढा म्हणतो, तोच हा ‘ऊन’ शब्द. मूळ संस्कृत ‘उष्ण’. जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातील उनपदेव, कोकणात राजापूरजवळचे उन्हाळे, रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे ही सारी एकाच कुळातील नावे होत. जेथे जेथे मराठी माणसाला जमिनीतून वाफाळलेले पाणी दिसले, तेथे तेथे त्याने हाच शब्द लावला आणि बहुतेक ठिकाणी शेजारी महादेवाची पिंडी स्थापन केली.

उनकेश्वराचे देऊळ यादवकालीन, हेमाडपंती घडणीचे मानले जाते. देवगिरीच्या रामदेवराय यादवाने इ. स. १२७१ ते १३११ या काळात राज्य केले. त्याच्या काळातील उनकेश्वर येथील शिलालेख जुन्या मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीही हे स्थान राजदरबाराला माहीत होते आणि तेथे जाणारी माणसे होती. माणसे होती म्हणजे वाटही होती.

शरभंग ऋषींची कथा

वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात शरभंग ऋषींची कथा आली आहे. दंडकारण्यात प्रभू रामचंद्र त्यांच्या आश्रमात आले, ऋषींनी त्यांचे दर्शन घेतले आणि मग अग्नीत देह अर्पण केला. लोककथा यापुढे जाते. ती सांगते की, शरभंगांना अंगभर व्याधी जडली होती. रामचंद्रांना त्यांची दया आली. त्यांनी भूमीत बाण मारला आणि ऊन पाण्याची धार वर उसळली. त्या पाण्याने ऋषींची काया निर्मळ झाली.

हीच कथा चोपडा तालुक्यातील उनपदेवालाही सांगतात. दोन ठिकाणी एकच कथा कशी, असा प्रश्न एखादा चिकित्सक विचारील. परंतु कथा सांगणाऱ्यांना नकाशा काढावयाचा नव्हता. ज्याच्या अंगाला व्याधी आहे त्यालाही देव भेटतो, आणि वनातच भेटतो, एवढे त्यांना सांगावयाचे होते. त्वचेच्या रोगामुळे गावाने ज्यांना वेशीबाहेर बसविले, अशा किती जणांनी या एका कथेच्या आधारावर जंगलाची वाट धरली असेल याची गणती नाही.

दोन तीर, दोन राज्ये

आजच्या पिढीला पैनगंगा ओलांडणे म्हणजे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाणे, एवढेच वाटते. पूर्वी ते दुसऱ्या राज्यात जाणे होते. इ. स. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि पैनगंगा ही हद्द ठरली. उत्तर तीरावर इंग्रजांचा अंमल, दक्षिण तीरावर हैदराबादच्या निजामाचा. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला. आपल्या जिल्ह्यास त्या वेळी ‘वणी जिल्हा’ म्हणत. १९०५ साली यवतमाळ हे नाव आले व त्याच सुमारास वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका यवतमाळास मिळाला. तिकडे किनवट तालुका निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता.

याचा यात्रेकरूंवर परिणाम काय होई? पहिली गोष्ट नाण्याची. इकडे इंग्रजांचा कलदार रुपया, तिकडे निजामाचा हाली शिक्का. सात हाली म्हणजे सुमारे सहा कलदार असा भाव असे. गरिबाने कनवटीला दोन पैसे बांधून नेले, तरी पलीकडे ते मोडताना हिशेब करावा लागे. दुसरी गोष्ट जकातीची. निजामाच्या राज्यात मालावरील जकातीस करोडगिरी म्हणत. व्यापाऱ्याला तिचा जाच अधिक; परंतु हद्द ओलांडणाऱ्या सर्वांनाच नाकेदार म्हणजे काय ते माहीत होते.

असे असूनही बोली, सोयरीक, आठवडी बाजार आणि देव या गोष्टींनी ही हद्द कधीच मानली नाही. उत्तर तीरावरच्या मुली दक्षिण तीरावर दिल्या जात, माहूरच्या रेणुकेला दोन्ही तीरांवरून नवस फेडावयास लोक जात, आणि उनकेश्वराच्या कुंडावर वऱ्हाडकर व मोगलाईकर शेजारी शेजारी बसून अंग शेकीत. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन विदर्भ व मराठवाडा हे दोन्ही भाग द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून निघून नांदेड जिल्ह्यास जोडला गेला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. सरकारी कागदावर दोन तीर एका राज्यात आले ते असे. पायी चालणाऱ्यांनी ते त्यापूर्वीच एक केले होते.

दिवसभराची चाल

महाशिवरात्रीस महादेवाच्या प्रत्येक क्षेत्री गर्दी असते. परंतु शेतकऱ्याची खरी यात्रा श्रावणात. निंदण-डवरण उरकले, पऱ्हाटी गुडघ्याला आली, ज्वारी डोलू लागली, की पोळ्यापूर्वी चार दिवस हाताला उसंत मिळते. माहूरगडालाही नारळी पौर्णिमेस डोंगर-जंगलातून परिक्रमा होते व हजारो भाविक पावसात भिजत ती पुरी करतात. श्रावणातील अशा चालीचा या मुलुखास जुना अभ्यास आहे.

या चालीची रीत ठरलेली होती. एकटा-दुकटा कोणी निघत नसे. दहापासून चाळीसपर्यंत माणसे गोळा होत. त्यांत म्हातारी माणसे असत, लेकुरवाळ्या बायाही असत. आदल्या रात्री भाकरी थापल्या जात. सोबत ठेचा, कांदा, भाजलेले शेंगदाणे, आणि ज्याचा सोमवार त्याच्यासाठी भगर. डोक्यावर घोंगडी किंवा पोत्याची खोळ. कोरडे धोतर-लुगडे गाठोड्यात मधोमध घालून वरून पळसाची पाने बांधीत. काडीपेटी डब्यात, आणि डबा म्हाताऱ्या माणसाच्या हाती; कारण तो धावत नाही आणि पडतही नाही.

पहाटे कोंबडा आरवण्यापूर्वी निघावयाचे. पुढे वाट जाणणारा, मागे दणकट गडी, मध्ये बायामुले. काळी माती पायाला शेराशेराने चिकटे. वावरे संपून मुरमाड जमीन लागली म्हणजे पाय हलके होत. मग साग, धावडा, मोह, टेंभुर्णी, बेहडा यांचे रान सुरू होई. सागाच्या रुंद पानांवर पाऊस पडू लागला म्हणजे शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळाने पुढचा हाळी देई आणि मागचा ओ देई. ओ आली नाही तर सारा जथा थांबे.

या रानात वाटाड्या म्हणून कोलाम आणि गोंड बांधवांचा फार मोठा उपकार आहे. कोलामांची वस्ती म्हणजे पोड. कोणत्या नाल्याला वर पाऊस झाला की किती वेळाने लोंढा येतो, कोणत्या धोंड्यावर पाय ठेवावा आणि कोणत्यावर ठेवू नये, हे पोडावरच्या माणसाला पाठ असे. बंजारा बांधवांच्या तांड्यावर विस्तव आणि आडोसा मिळे. देवदर्शनाचे पुण्य यात्रेकरूंनी घेतले. त्यांना सुखरूप पोचविण्याचे पुण्य पोडाने आणि तांड्याने घेतले, हे इतिहासात लिहून ठेवले पाहिजे.

सर्वांत अवघड टप्पा नदीचा. पूल नव्हते तेव्हा डोंग्यातून पलीकडे जावे लागे. पैनगंगा श्रावणात कधी चढेल याचा नेम नाही. आपल्या गावावर थेंब नसला तरी वर पाऊस झालेला असतो. पाणी गढूळ होऊन काड्याकुड्या व फेस वाहू लागला म्हणजे नदी फुगणार, हे जाणत्यांचे गणित. अशा वेळी जथा तीरावरच मुक्काम करी. कोणी घाई केली तर वडीलधारी माणसे त्याला बसवीत. देव कुठे जात नाही, नदी उतरू द्या, असा त्यांचा शहाणपणा होता.

पलीकडे पुन्हा रान, पुन्हा चिखल. आणि मग कुंड. दिवसभर भिजून बोटे पांढरी पडलेली, चिखल्यांनी पायाची बेचके सोललेली, अंगात हुडहुडी भरलेली; अशा वेळी ऊन पाण्यात पाय सोडले म्हणजे जे वाटे ते शब्दांत सांगणे कठीण. वरून गार पाऊस आणि खालून ऊन पाणी, यांचा अनुभव ज्याने घेतला त्याला शरभंगाची कथा पटवून द्यावी लागत नसे. मग दर्शन, आडोशाला बसून शिदोरी, रात्री भजन, आणि उजाडल्यावर परतीची वाट.

जंगल आणि कायदा

या वाटेचा विचार करताना जंगलाचा कायदा विसरून चालणार नाही. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव केली. गवत, सरपण, चराई यांवर बंधने आली. ज्या रानातून वाडवडील मोकळेपणाने जात, तेथे रखवालदार विचारणा करू लागला. या अन्यायाविरुद्ध आपल्या जिल्ह्याने उठविलेला आवाज देशभर गाजला. वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद भागात राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला व तुरुंगवास पत्करला. भर पावसाळ्यात लोक रानात चालत गेले, तेही एका परीने यात्रेकरूच होते.

पुढे देश स्वतंत्र झाला. जंगल तुटत गेले आणि जे उरले ते राखण्याची गरज सर्वांना पटली. केळापूर-घाटंजी भागात टिपाई देवीच्या नावाने ओळखले जाणारे टिपेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. तेथील वाघांची संख्या वाढली. टिपेश्वरातून निघालेला एक तरुण वाघ २०१९ साली शेकडो कोस चालत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. दुसरीकडे, २०१८ साली पांढरकवडा-राळेगाव भागात माणसे मारल्याच्या आरोपावरून एका वाघिणीस गोळी घालण्यात आली, ही दुःखद घटनाही याच मुलुखातील. म्हणून आज जो कोणी रानातून पायी जाईल त्याने वनखात्याची परवानगी, दिवसाउजेडीची वेळ आणि सोबत या तीन गोष्टी सोडू नयेत. पूर्वीचे लोक जथ्याने जात व हाळी देत, त्यामागचे कारण आजही तेवढेच खरे आहे.

पाणी ऊन का?

कुंडाखाली ज्वालामुखी आहे असा समज पुष्कळांचा असतो. तो बरोबर नाही. भूगर्भशास्त्र सांगते ते असे. जमिनीत जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते. दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरते, तेथे तापते, आणि दुसऱ्या एखाद्या मोठ्या भेगेतून दाबाने वर येते. म्हणजे आज कुंडात दिसणारे पाणी यंदाच्या श्रावणाचे नव्हे. ते फार पूर्वी पडलेल्या पावसाचे आहे. आजोबा भिजले त्या पावसात नातू न्हातो, असे म्हटले तरी चालेल.

आपल्या भागातील काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. जिल्ह्याच्या दक्षिण व पूर्व बाजूस त्याच्याखाली त्याहून कितीतरी प्राचीन चुनखडक आहे. वणीजवळ राजूरला ज्याच्या चुनाभट्ट्या चालल्या तो हाच दगड. या खडकांच्या मालिकेला शास्त्रज्ञांनी आपल्या नदीवरून पैनगंगा हेच नाव दिले आहे. असे जुने खडक जेथे तुटले, फाटले, तेथे पाण्याला वर येण्यास वाट मिळते. देशभरात असे तीनशेहून अधिक ऊन झरे असून महाराष्ट्रात कोकणपट्टीत ते सर्वांत जास्त आहेत. बऱ्याच झऱ्यांच्या पाण्याला अंड्यासारखा वास येतो, तो गंधकाचा.

रोगी, कुंड आणि औषध

गंधकाने खरूज-नायट्याला उतार पडतो, हे वैद्यकातही मान्य आहे. चिखल्या, आखडलेले सांधे, थकलेले स्नायू यांना ऊन पाण्याच्या शेकाने आराम मिळतो. परंतु लोकांची आशा याहून मोठी होती. महारोग जडलेली माणसे उनकेश्वरासारख्या क्षेत्री मोठ्या आशेने येत. घरच्यांनी भांडे वेगळे केलेले, गावाने विहीर बंद केलेली, अशा माणसाला कुंडाकाठी निदान बसावयास जागा मिळे.

आज खरी गोष्ट स्पष्ट सांगणे हाच त्या रोग्यांविषयीचा आदर होय. महारोग, म्हणजे कुष्ठरोग, हा पापामुळे होत नाही. तो जंतूमुळे होतो. नॉर्वे देशातील डॉ. हॅन्सन यांनी तो जंतू १८७३ साली शोधला. ऊन पाण्याने तो जंतू मरत नाही. उलट या रोगात हातापायांची जाणीव गेलेली असल्यास पाणी फार ऊन आहे हे कळत नाही, पाय भाजतो आणि जखम चिघळते. १९८२-८३ पासून आपल्या देशात बहुविध औषधोपचार सुरू झाला. सहा महिने ते वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो आणि त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. अंगावर न खाजणारा, बधिर चट्टा दिसला तर प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. देवदर्शन त्यानंतरही होते.

आपल्या विदर्भाला या सेवेचा मोठा वारसा आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण, अमरावतीस तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन आणि वरोऱ्यास आनंदवनात बाबा आमटे यांनी कुष्ठरोग्यांना माणूस म्हणून उभे केले. शरभंगाच्या कथेतील रामाने जे केले म्हणतात, तेच या मंडळींनी आपल्या काळात केले.

पाण्याच्या हक्काविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. एके काळी देऊळ व पाणवठा सर्वांना खुला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन पाण्याचा हक्क सांगितला, आणि त्याच वर्षी अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाची चळवळ उभी राहिली. भूमीतून आपण होऊन वर येणाऱ्या पाण्याला जात विचारता येत नाही. ज्या कुंडावर सर्वांना सारखी जागा आहे, तेच खरे तीर्थ.

वाट ओसरली

स्वातंत्र्यानंतर सडका झाल्या. गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री होते. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर हजारो हातांनी गावोगावचे रस्ते फोडले. एस.टी. आडगावांपर्यंत पोचली. माहूरच्या वाटेवर धनोड्यास पैनगंगेवर पूल झाला. दिवसभराची वाट तासा-दोन तासांवर आली. म्हाताऱ्याकोताऱ्यांची सोय झाली, बाळंतीण दवाखान्यात वेळेवर पोचू लागली. याबद्दल कोणीही वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

परंतु वाटेबरोबर वाटेचे ज्ञानही गेले. नाला केव्हा उतरावा हे जाणणारी माणसे कमी झाली. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेड तालुक्यात दहागावजवळ पुराच्या पाण्यात प्रवासी बस वाहून गेली व माणसे दगावली. २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला आणि लोकांना वाचविण्यासाठी वायुदलाचे हेलिकॉप्टर बोलवावे लागले. पुलावरून पाणी वाहत असताना थांबणे हा भित्रेपणा नव्हे. वाडवडील तीरावर मुक्काम करीत, ते रिकामटेकडे होते म्हणून नव्हे.

आणखी एक चिंता या नदीकाठाला आहे. १९९७ साली मान्यता मिळालेल्या निम्न पैनगंगा प्रकल्पाच्या बुडिताची टांगती तलवार दोन्ही तीरांवरील अनेक गावांनी वर्षानुवर्षे सोसली आहे व त्यासाठी लोकांनी लढेही दिले आहेत. धरणाने खाली शेती भिजते आणि वर गावे उठतात. दोन्ही बाजूंची माणसे आपलीच. निर्णय कोणताही होवो, जुन्या वाटा, देवळे, झरे व पोडे यांची नोंद कागदावर झालेली असणे हे प्रत्येक गावाचे कर्तव्य आहे.

जीर्णोद्धार करताना

शेवटी ज्या दात्यांच्या औदार्यामुळे हे जीर्णोद्धाराचे कार्य तडीस गेले, त्यांच्यापुढे व ग्रामस्थांपुढे या इतिहासातून निघणारे दोन शब्द ठेवणे उचित होईल. देवळाजवळ कुंड असो, बारव असो, की साधी विहीर, तिचा तळ सिमेंटने बंद करू नये. झरा भेगेतून येतो. भेग बुजली की पाणी दुसरीकडे वळते आणि मग कितीही खर्च केला तरी ते परत आणता येत नाही. जुना दगड काढून गुळगुळीत फरशी बसविली तर पावसात म्हातारी माणसे घसरतात. झऱ्याच्या जवळ खोल बोअर घेण्यापूर्वी भूजल खात्याच्या जाणकारांना विचारावे.

स्वच्छतेची गोष्ट तर प्राणाशी गाठ आहे. इंग्लंडमधील बाथ या गावी रोमन लोकांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ऊन झऱ्यावर देऊळ आणि स्नानगृह बांधले. तेथे १९७८ साली पाण्यातील जंतूमुळे एक मुलगी दगावली आणि शतकानुशतके चाललेले स्नान बंद करावे लागले. पुढे खोलातून शुद्ध पाणी घेऊन नवी व्यवस्था झाली व २००६ साली नवीन स्नानगृह सुरू झाले. यावरून आपणही धडा घ्यावा. ऊन पाण्याच्या कुंडात बुडी मारू नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये, साबण व निर्माल्य आत टाकू नये, पाणी वाहते ठेवावे. संत गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन हेच आयुष्यभर शिकविले.

आणि वाट? ती पुन्हा चालू करणे अवघड नाही. वर्षातून एकदा, श्रावणात, पाऊसमान पाहून, वनखात्यास कळवून, गावच्या शाळेतील मोठ्या मुलांनी जाणत्या माणसांसोबत जुन्या वाटेचा एखादा टप्पा चालावा. पोडावरच्या वाटाड्याला मानाने पुढे घ्यावे, त्याची मजुरी आधी द्यावी. कोणत्या नाल्याचे नाव काय, कोणता मोह जुना, मुक्कामाची जागा कोणती, हे मुलांनी वहीत लिहून घ्यावे. गावातील सत्तरी ओलांडलेली माणसे आहेत तोवर हे काम होऊ शकेल.

देणगीदारांची नावे देवळाच्या भिंतीवर संगमरवरात कोरली जातील व ती योग्यच आहेत. पोडावरचे वाटाडे, डोंगेकरी, तांड्यावर विस्तव देणाऱ्या माउल्या आणि पावसात ओ देत पुढे गेलेले आपले पूर्वज यांची नावे कोठेच कोरलेली नाहीत. वर्षातून एक दिवस त्यांच्या वाटेने चालणे, हेच त्यांचे स्मरण होय.